आमची वाटचाल : शर्ट, बॅगा आणि गाऱ्हाणं

मालवणच्या बाजारपेठेत वडिलांनी दुकान टाकलं ते ताग्यावरचं कापड विकायला. शाळेचे गणवेश, लग्नातले आहेर, पँटपीस-शर्टपीस. मागच्या खोलीत शिलाई मशीन आणि कटिंग मास्तर. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली तसा चाकरमानी कपडे मुंबईहूनच घेऊन यायला लागला. पुढे तारकर्लीला पर्यटक वाढले. त्यांना टोपी, थ्री-फोर्थ, रबरी चपला लागायच्या, त्याही आम्ही विकल्या. पोट भरत होतं. पण दुसऱ्याने पाकिटात घालून दिलेला माल पुढे सरकवायचा, त्यात आपलं म्हणून काय असतं?

लॉकडाउनने तेही थांबवलं. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं. माझा चुलतभाऊ दशावतारात, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, काम करतो. जत्रा बंद, म्हणून तोही घरीच. दशावतारात लिहून काढलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. अशा माणसासमोर मोबाइल धरला की बाकी काही करावं लागत नाही. दुकानातली एक जुनी बॅग उचलून तो उंबऱ्यात उभा राहिला, हात जोडले आणि गाऱ्हाणं, म्हणजे आमच्याकडे देवाला घालतात ते साकडं, घालायला लागला : "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो चाकरमानी आज मुंबयक निघालो हा. वाटेत ह्येच्या बॅगेची चेन तुटाक नको, आतल्या सुक्या बांगड्याचो वास शेजारच्या बाकड्यार जावक नको, असा कर रे म्हाराजा!" मागून वडील आणि मास्तर एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

लालबागपासून आखातापर्यंत तो व्हिडिओ फिरला. त्यात भावाच्या अंगात आमच्याकडचा सर्वांत चांगला लिननचा शर्ट होता. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एकच : वास बाहेर न येणारी बॅग खरंच मिळते काय? तशी बॅग आमच्याकडे नव्हती. मास्तर म्हणाले, "करून बघूया."

बॅगेत पाणी कापडातून शिरत नाही, शिवणीतून शिरतं. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक वाट, आणि ज्या वाटेने पाणी आत येतं त्याच वाटेने बांगडा बाहेर. त्यामुळे आमच्या बॅगेतला मासळीचा कप्पा शिवलेला नाही. ताडपत्रीसारख्या कापडाचे काठ गरम हवेने चिकटवून घेतले आहेत. ते यंत्र आमच्याकडे नाही, बाहेरून करून आणतो. तोंडाला चेनही नाही. काठ निदान तीनदा गुंडाळायचा आणि क्लिप लावायची. कप्पा सुटा निघतो, विहिरीवर नेऊन धुता येतो. स्कूबाला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जाणारे त्यात मोबाइल आणि कोरडे कपडे ठेवतात. तो उपयोग आम्हाला सुचलेला नव्हता, गिऱ्हाइकांनी दाखवला.

बाहेरच्या भागाला सहाशे डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिएस्टर. आतून जो लेप असतो तो दमट हवेत चिकट होऊन सुटतो, म्हणून बॅग माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून टाकू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. ऐकतात थोडे. खाऱ्या वाऱ्यात धातूच्या दातांची चेन अडकायला लागते, तेव्हा नायलॉनची चेन आणि रनर जरा मोठा, ओल्या हातानेही पकडता येईल असा. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा ओलीत कुजतो. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाल्यावर सात किलोच्या केबिन बॅगेची मागणी आली आणि आम्ही एक आखूड माप काढलं. तेच बसच्या सीटखालीही मावतं.

शर्टांना गिऱ्हाईक बॅगेच्या मागून आलं. लिनन अळशीच्या धाग्याचं. घाम पटकन टिपतं, पटकन सुकतं आणि तितक्याच पटकन चुरगळतं. इस्त्री मोडलेली खपत नाही अशा माणसाने ते घेऊच नये, आम्ही कॉटन मिसळलेलं दाखवतो. अर्ध्या बाहीचा, उघड्या कॉलरचा शर्ट सर्वांत जास्त जातो. बटणं करवंटीची. दिसायला झकास, पण कडकडीत पाण्यात भिजत टाकू नयेत. मापाची भानगड मात्र ऑनलाइन धंद्यात सर्वांत मोठी. आता आम्ही एवढंच सांगतो : अंगाला बसणारा घरातला शर्ट बटणं लावून पलंगावर पसरा, काखेपासून काखेपर्यंत टेप लावा, त्याची दुप्पट कळवा. 'मी एल घालतो' यावर आम्ही कापड कापत नाही.

व्हिडिओबद्दल माझं मत विचाराल तर, नुसता हसवणारा व्हिडिओ पाहून लोक हसतात आणि पुढे सरकतात. मालावर ओतलेलं पाणी, गुंडाळलेला काठ, उलटा करून दाखवलेला शर्ट असेल तर फोन येतो. म्हणून गाऱ्हाणं मालवणीत आणि माप, किंमत, धुण्याची रीत साध्या मराठीत. किनाऱ्यावर शूटिंग उन्हं कलल्यावरच. दुपारी वाळू एवढी झळकते की कापडाचा रंग खोटा दिसतो. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून कॉलर माइकला केसाळ टोपी घालतो. तिच्यावरून भावाने एक अख्खा व्हिडिओ केला, तो बॅगेपेक्षा जास्त चालला. असो.

पार्सल मिळाल्यावर पैसे, ही सोय आम्ही बंद केली. एका कुरियरवाल्याने 'घर बंद होतं' असा शेरा मारून पार्सलं परत पाठवायला सुरुवात केली. तिकडे गिऱ्हाईक दारात वाट बघत बसलेलं आणि दोन्ही बाजूंचं भाडं आमच्या डोक्यावर. आता पैसे आधी; गावातल्या कोणाच्या ओळखीने आलेला माणूस सोडून.

पावसाळ्यात जलपर्यटन बंद असतं, तेव्हा आम्ही गणपतीचा माल शिवतो. दिवाळी सरली की भाऊ रात्रभर नाटकात असतो, म्हणून हिवाळ्याचे व्हिडिओ आधीच करून ठेवावे लागतात. तेव्हा ऑर्डरी मी आणि बायको बघतो. मालवणात आलात तर दुकानात या, बॅग पाण्यात बुडवून बघा. फक्त दुपारी एक ते चार येऊ नका. दुकान बंद असतं आणि फोन कोणी उचलत नाही.