दोन नंबरची पेटी: यंदा विभागणी जमली

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला घरामागं माझ्या सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत, आता तीन म्हणायला हरकत नाही. सातेरीला इथले कन्नड शेजारी तुडुवे म्हणतात. ही माशी अंधाऱ्या ढोलीत समांतर पोळी बांधते, म्हणून ती चौकटींच्या पेटीत राहते. आग्याचं एकच मोठं पोळं उघड्यावर लोंबतं, त्यामुळं ती पेटीत येत नाही.

पावसाळा कसाबसा काढला. इकडच्या झडीत माश्यांना बाहेर पडता येत नाही, म्हणून साखरेचा पाक दिला. एक नंबरच्या रिकाम्या पोळ्यात मेणकिडा शिरून जाळी झाली होती, ती चौकट काढून टाकली. त्या धास्तीनं मी दर दोन दिवसांनी झाकण उघडत होतो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "रोज उघडून बघालास, त्या राहतील कसं?" खरंच आहे, सातेरीला सतत त्रास झाला की ती पेटी सोडून जाते. आता दहा दिवसांतून एकदाच बघतो.

जानेवारीच्या मध्यावर दोन नंबरमध्ये नरांची घरं दिसली. त्यांचं झाकण टोपीसारखं उंच असतं आणि मधोमध सुईनं टोचल्यासारखं छिद्र असतं. मेलिफेरात, म्हणजे युरोपियन मधमाशीत, हे छिद्र नसतं. नर बाहेर पडायला साधारण 24 दिवस लागतात, मग उडायला तयार व्हायला आणखी काही दिवस. म्हणून वसाहत आधी नर वाढवते, राणीघरं, म्हणजे नव्या राण्या वाढवायची घरं, मागून येतात. नरांची घरं दिसली तेव्हाच नवी पेटी सुताराकडून करून आणली.

4 फेब्रुवारीला पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या टरफलासारखी तीन राणीघरं लोंबत होती, दोन बंद झालेली. आता थांबलो असतो तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन उठली असती. तिला पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या) तीन चौकटींसह नव्या पेटीत ठेवलं आणि ती पेटी वीस पावलांवर मांडली. गेल्या वर्षी इथंच चुकलो होतो. चरायला जाणाऱ्या माश्यांना जुनी जागा पाठ असते, त्या सगळ्या मूळ पेटीत परततात आणि नव्या पेटीत पिलावा झाकायलाही माश्या उरत नाहीत. यंदा आणखी एका चौकटीवरच्या कोवळ्या माश्या नव्या पेटीत झटकल्या, तोंड दोन माश्यांपुरतं बारीक केलं आणि आठवडाभर संध्याकाळी पाक दिला.

मूळ पेटी 14 तारखेला उघडली. एका राणीघराचं टोक गोल कापलेलं, झाकण बिजागरीसारखं एका धाग्यावर लोंबत होतं. राणी तिथून स्वतः बाहेर आली होती. बाकी दोन घरं बाजूनं फाडलेली, म्हणजे आतल्या राण्या मारल्या गेल्या. ते लोंबतं झाकण मी बराच वेळ बघत राहिलो. मग चौकट हळूच खाली सोडली आणि पुढचे बारा दिवस पेटीला हात लावला नाही. राणी मीलनासाठी उडते तेव्हा पेटीची जागा जरादेखील हलवायची नाही.

26 तारखेला घरांच्या तळाशी अंडी दिसली, प्रत्येकात एकच, उभं, तांदळाच्या कणीहून बारीक. एका घरात दोन-तीन असती तर कामकरी माश्या अंडी घालतायत असं समजलो असतो.

जांभळाला कळ्या लागल्यात. मूळ पेटीवर काल मधकोठी, म्हणजे मध साठवायचा वरचा मजला, चढवली, नवीवर यंदा चढवणार नाही.