मापाच्या वहीतल्या शाळा

मी घरातच शिवणकाम करते. निपाणीतल्या सरकारी शाळांत गणवेशाचं कापड वाटलं की आया ते पिशवीत घालून माझ्याकडं येतात. त्यामुळं कुठल्या शाळेच्या सहावीत किती पोरं उरलीत, हे मला माझ्या मापाच्या वहीत कळतं. यंदा आमची धाकटी पाचवी पास झाली आणि पहिल्यांदाच ती वही मी स्वतःच्या कामासाठी उघडली.

इकडं कर्नाटकात काही शाळा पाचवीपर्यंतच, काही सातवीपर्यंत, कुठं कुठं आठवीपण असते. हिची पाचवीलाच संपली. मग पुढं मराठीत घालायची की कन्नडमध्ये, एवढ्यावर घरात पंधरा दिवस गेले. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, पोरीला आपल्या भाषेत शिकू दे. मालक गोकुळ शिरगावला कंपनीत जातात, त्यांचं म्हणणं, कन्नड आलं नाही तर कचेरीतला साधा कागद वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. दोघांचंही खरं. शाळा मात्र दोघांनीही बघितली नव्हती.

सीमेपलीकडं महाराष्ट्रात, कागलला असलेल्या वन्सं म्हणाल्या, आमच्याकडं पाठवा. त्यांच्या पोरांना दिवाळीची मोठी सुट्टी, आमच्या पोरांना दसऱ्याची. मामे-आतेभावंडं धड भेटतसुद्धा नाहीत. पण पुढं इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी कर्नाटकातली सीईटी परीक्षा द्यायची तर साधारण सात वर्षं इथल्या शाळा-कॉलेजात काढलेली लागतात. उलट सीमाभागातल्या 865 गावांत शिकलेल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला तिथलेच धरतात. दोन्ही दारं उघडी ठेवायची तर पोर इथंच शिकलेली बरी.

पहिल्यांदा कन्नड शाळेत गेले. टीचर "बर्री, कूडरी" (या, बसा) म्हणाल्या आणि माझं तोंड बघून लगेच मराठीवर आल्या. प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, विज्ञानाला वेगळ्या टीचर, कॉम्प्युटरवर स्वच्छ कव्हर (कव्हर जरा जास्तच स्वच्छ होतं, असो). मैदानावर पोरं मराठीत भांडत होती आणि वर्गात गेली की कन्नडमध्ये उत्तरं देत होती. शाळा आवडली. पण पाचवीपर्यंत मराठीत शिकलेली पोर सहावीचं विज्ञान कन्नडमध्ये कसं धरणार, हे विचारल्यावर टीचरच म्हणाल्या, पहिलीलाच आणायला हवी होती.

इंग्रजी वर्ग असलेली कर्नाटक पब्लिक स्कूलही बघितली. एलकेजीपासून बारावीपर्यंत एकाच आवारात, म्हणजे मध्येच शाळा बदलायची कटकट नाही. पण बसनं जायचं, आणि आमच्या वेळेची बस आधीच दारापर्यंत भरून येते. तो विषय तिथंच संपला.

राहिली मराठी शाळा, मी स्वतः सातवीपर्यंत शिकले ती. माझ्या वहीत तिथल्या सहावीची गेल्या जूनमधली मापं फक्त चार. सहावी-सातवी एकाच खोलीत. एक शिक्षक अतिथी, म्हणजे पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. एवढं बघून मी परत फिरणार होते.

तेवढ्यात व्हरांड्यात गणिताचे सर दिसले. सुंभाला गाठी मारून पोरं व्हरांडा मोजत होती. एकीचं उत्तर चुकलं, तर सर नुसतं "दोरी परत टाक" म्हणाले. तिनं टाकली, मोजली, आपणच हसली. मी शिवणकाम करते म्हटल्यावर सरांनी विचारलं, गोल घेराचा झगा कसा कापता? मी म्हटलं, कमरेला सहानं भागायचं आणि तेवढ्यावर खूण करायची, मला असंच शिकवलंय. सर म्हणाले, मग तुमची कमर दर वेळी इंचभर सैल होत असेल. खरंच होते! सोळा वर्षं मी तो इंच चुण्या घालून लपवतेय. सहानं नाही, पायच्या दुपटीनं, म्हणजे 6.28 नं भागायचं, असं म्हणून त्यांनी खडूनं फरशीवर गोल काढून दाखवला.

घरी येऊन मालकांना म्हटलं, हीच शाळा. कन्नडची काळजी नको, 2015 च्या कायद्यानं ते मराठी शाळेतही शिकवावंच लागतं. माध्यान्ह आहार तर सगळीकडं सारखाच: अक्षर दासोहाचा भात-सांबार, वर अंडं, ज्याला चालत नाही त्याला केळं. आठवीला परत शाळा शोधावी लागेल, ते मान्य. आत्या खूश झाल्या, पण चुकीच्या कारणानं. मालक दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, अध्यक्षांना विचारून, ड्रिल घेऊन गेले आणि संडासाला कडी बसवून आले.

काल धाकटीनं माझ्या वहीत 24 भागिले 6.28 करून 3.82 लिहिलं. माझ्या टेपवर 3.82 नाही. पावणेचारच्या जरा पुढं धरून कापलंय. आज तिच्या अंगात घालून बघायचंय.