चैत्रातली पानगळ आणि नव्वद दिवसांचं खत

इंदुरात वसंतात कडुनिंबाला तांबूस पालवी फुटत असते आणि त्याच झाडाखाली जुन्या पानांचा सडा पडलेला असतो. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, झाली, की मी खताचा खड्डा भरायला घेतो. पाऊस इथे जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो, म्हणजे तोवर नव्वदेक दिवस मिळतात. खताला तेवढेच लागतात.

पद्धतही इथलीच. १९२४ ते १९३१ या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. सहकारी यशवंत वाडांसोबत त्यांनी बसवलेली ही रीत १९३१ साली छापून आली आणि 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. उन्हाळ्यात खड्डा, पावसाळ्यात जमिनीवर ढीग, हा तिचा नियम मी मोडत नाही. खड्ड्यात ओल टिकते. पण आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात त्याच खड्ड्याचं डबकं होतं.

खड्डा तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. याहून लहान असेल तर तापत नाही. वाळक्या पानांचा सहा इंच थर, वर साली-देठं दोन इंच, त्यावर तांब्या-दोन तांबे शेणाचा काला, ओंजळभर माती आणि मूठभर लाकडाची राख. असेच थर काठाच्या वर फूटभर जाईपर्यंत रचायचे. आठवड्याभरात सगळं खाली बसतं. कचरागाडीसाठी ओला-सुका वेगळा करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहेच, तिचा इथे आयता फायदा. कडुनिंबाची पानं लवकर कुजतात. पिंपळ-आंब्याची मात्र पायाने चुरूनच घालावीत. अख्खी पानं भिजली की वहीच्या पानांसारखी चिकटतात आणि हवा अडते. तेलकट उष्टं घातलंत तर उंदीर आलेच.

खरं काम ओलीचं आहे. चैत्रातला कोरडा वारा कडा सुकवतो, म्हणून वर ओलं गोणपाट. आतला मूठभर माल दाबला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाणी जास्त. मुंग्या दिसल्या तर आत कोरडं पडलंय. चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई पाच मिनिटं खुपसून ठेवावी, काढल्यावर हातात धरवत नसेल तर काम नीट चाललंय. नाकाला झोंबणारा वास आला तर वाळकी पानं वाढवावीत. सडक्या अंड्यासारखा आला तर लगेच पलटावं.

एरवी पलटणी तीनच: पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी. बाहेरचं आत, आतलं बाहेर. पांढऱ्या जाड हुमणीच्या अळ्या सापडल्या तर तेव्हाच वेचून टाकाव्यात, नाहीतर कुंडीत मुळं कुरतडतात.

चाळण्याआधी ओलसर मूठभर खत पिशवीत तीन दिवस बंद ठेवावं. आंबूस वास आला तर कच्चं आहे. मोगऱ्याला घालायची घाई नको, अजून पंधरा दिवस खड्ड्यातच राहू द्यावं.