यंदा कुठं बसणार?

शाळेच्या हॉलच्या दारात चहाचा कप हातात देता देताच विचारलं जायचं, "यंदा कुठं बसणार?" संगीतकार जितेंद्र अभिषेकींच्या आठवणीत आमचं मंडळ दरवर्षी एक संध्याकाळ करायचं, आणि तिथं बसायची जागा बुवांनी संगीत दिलेल्या नाटकावरून ठरायची. खिडकीकडची बाकं 'कट्यार काळजात घुसली'वाल्यांची, दाराकडची 'मत्स्यगंधा'वाल्यांची, मधे 'ययाति आणि देवयानी'. 'हे बंध रेशमाचे' आवडणारी चार-पाच माणसं कायम मागच्या बाकावर. एक काका मात्र 'लेकुरे उदंड जाहली'साठी वर्षानुवर्षं एकटेच उभे राहायचे. बस म्हटलं तरी बसायचे नाहीत. "माझ्या नाटकाला बाक मिळाल्याशिवाय नाही," म्हणायचे, आणि त्यांचं पटतही असे. १९६६ साली एकाच संगीतकाराचं एकीकडे 'ययाति' येतं आणि दुसरीकडे श्रीकांत मोघ्यांचं हसतंखेळतं 'लेकुरे', ही काही साधी गोष्ट नव्हे.

तारीख ठरलेली, २१ सप्टेंबर. पंडित जितेंद्र अभिषेकींचा जन्म १९२९ सालचा, गोव्यातल्या मंगेशीचा. बुवा ७ नोव्हेंबर १९९८ ला गेले. पुढच्या सप्टेंबरात सत्तरावी जयंती आली, तेव्हा मंडळातल्या मोठ्यांनी ठरवलं की हार घालून भाषणं करण्यापेक्षा बुवांची नाटकं ऐकायची आणि मनसोक्त भांडायचं. मी तेव्हा अकरावीत होते. आत्यानं बळंच ओढत नेलं होतं. आमची सांगली नाटकाचं गाव. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते इथं, 'शारदा'वाले देवल पलीकडच्या हरिपूरचे, तंबोरे हवेत तर मिरज हाकेच्या अंतरावर. आमच्या आज्यांच्या तोंडी बालगंधर्वांची पदं असायची. त्यामुळे १९६४ चं 'मत्स्यगंधा' हे १९९९ सालीसुद्धा गावातल्या काही जणांच्या लेखी 'हल्लीचं' नाटक होतं.

अध्यक्षपदी शाळेतल्या निवृत्त मराठीच्या बाई. त्यांचा नियम एकच आणि फार कडक. पद लावा किंवा म्हणा, मग बोला. पण बोलायचं ते चालीबद्दल. "गायकाचं कौतुक आपापल्या घरी करा. इथं बुवांनी काय केलं ते सांगा." हा नियम नसता तर 'कट्यार'मधले खाँसाहेब गाजवणाऱ्या वसंतराव देशपांड्यांचं नाव घेऊन कट्यारवाल्यांनी दहा मिनिटांत निकाल लावला असता. बाईंमुळे आम्हांला कान लावून ऐकावं लागलं. गाणं आवडतं म्हणजे नेमकं काय आवडतं, हे शब्दांत मांडताना पहिली दोन वर्षं माझी त-त-प-प व्हायची.

मी अर्थातच खिडकीकडे बसले. सोळाव्या वर्षी माणूस दुसरीकडे कुठं बसणार? 'सुरत पिया की' एकदा कानात गेलं की दुसरं काही सुचत नाही. एकातून दुसरा राग उमलत जाणारी ती रागमाला, प्रत्येक वळणावर वाटतं आता हे कुठं जाणार, आणि ते अलगद समेवर येऊन बसतं. 'तेजोनिधी लोहगोल'मधला ललत पंचम मी आधी त्या पदातून ऐकला आणि राग म्हणून नंतर ओळखला. आमच्या बाकांवरच्या निम्म्या लोकांची शास्त्रीय संगीताशी ओळख अशीच झालेली.

कट्यारवाल्यांचा सगळ्यात मोठा विजय २००३ सालचा. बँकेतले एक काका उत्तम पेटी वाजवायचे. त्या वर्षी त्यांनी कॅसेट आणलीच नाही. पेटी पुढ्यात ओढली, भाता दोनदा हलवून हवा भरून घेतली आणि म्हणाले, "एकच पद दोनदा म्हणणार आहे." पद होतं 'घेई छंद मकरंद'. आधी नाटकातल्या पंडित भानुशंकरांचं, मैफलीत फारसा कानावर न पडणाऱ्या सालगवराळी रागातलं. आवाज लहान ठेवून, स्वरावर रेंगाळत, भुंग्यानं पाकळीवर बसावं तसं अलगद. मग पाण्याचा घोट घेतला आणि तेच शब्द त्यांच्या प्रतिस्पर्धी खाँसाहेबांच्या तोंडचे, धानी रागात. पेटीचं लाकूड थरथरलेलं मला दुसऱ्या रांगेतून दिसलं. तोच भुंगा, तेच फूल, पण आता भुंगा फुलावर झेपावत होता. काकांनी भाता मिटला आणि एवढंच म्हणाले, "पुरुषोत्तम दारव्हेकरांनी दोन घराण्यांचं भांडण संवादांत लिहिलं. बुवांनी ते एका पदात दाखवलं. आता बोला."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मत्स्यगंधावाल्या आत्यानंसुद्धा टाळी वाजवली.

ययातीवाल्यांची बाजू मात्र दरवर्षी थोडी अशीच निसटून जायची, याचं मला अजून वाईट वाटतं. त्यांच्याकडे कुसुमाग्रजांचे शब्द होते, 'सर्वात्मका सर्वेश्वरा' होतं, 'यतिमन मम मानित' होतं. चारुकेशीतलं 'हे सुरांनो चंद्र व्हा' लागलं की सगळा हॉल गप्प व्हायचा. पण ऐकून झाल्यावर त्यांना बोलताच यायचं नाही. उभं राहायचे, "काय सांगायचं..." म्हणायचे आणि बसायचे. बाई त्यांना कधी रागावल्या नाहीत.

मला चालीकडे बघायची खरी दृष्टी दिली ती मात्र नाट्यगृहात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका काकांनी. पोरवयापासून ते रंगमंचामागं काम करत. पडदा ओढायचा, सेट लावायचा, धूप घालायचा, तिसरी घंटा द्यायची. त्यांना राग ओळखू येत नव्हते आणि ते तसं मोकळेपणानं सांगायचे. ते कुठल्याच बाकावर बसत नसत, भिंतीला टेकून उभे राहत. एका वर्षी बाईंनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही सांगा की, बुवांनी काय बदललं?" काका आधी लाजले, मग म्हणाले, "जुन्या नाटकात पद सुरू झालं की आम्ही विंगेतनं बाहेर पडून चहा पिऊन यायचो. एक वन्स मोअर, दोन वन्स मोअर, वेळच वेळ. अभिषेकीबुवांच्या नाटकात तसं जमायचं नाही. पद संपायच्या आत पुढची एंट्री तोंडावर. विंग सोडली की चुकलंच."

संगीत नाटकाच्या इतिहासावर मी नंतर बरंच वाचलं, पण इतकं नेमकं कुठं सापडलं नाही. पहाटेपर्यंत रंगणारी नाटकं आणि पदावर पद चढवणारे गायकनट हे त्या काळाचं वैभवच होतं. साठच्या दशकात प्रेक्षकाला शेवटची बस गाठायची होती. बुवांनी पद आटोपशीर केलं, तानांची आतषबाजी हात राखून वापरली आणि गाणं प्रसंगाच्या पोटात नेऊन ठेवलं. पद संपतं तेव्हा गोष्ट पुढं सरकलेली असते. पडदा ओढणाऱ्याला ते पायांनी कळलं होतं.

आत्याचं म्हणणंही हेच होतं, फक्त ती ते वेगळ्या बाजूनं मांडायची. "कट्यारमध्ये गाणं हाच विषय आहे," ती म्हणायची. "गवयांच्या नाटकात गवई गाणारच. तिथं संगीतकाराला अडवणारं कोण? मत्स्यगंधा गाण्याशिवायही उभं राहिलं असतं. कानेटकरांचं नाटकच तसं आहे. तिथं कोळ्याच्या पोरीनं का गावं, हे बुवांना चालीतूनच पटवून द्यावं लागलं." मग 'गर्द सभोवती रान साजणी'चा विषय निघायचा. ते शब्द बालकवींचे. बालकवी गेले १९१८ साली, नाटकाच्या कितीतरी आधी. "नाटकासाठी न लिहिलेली कविता," आत्या म्हणायची, "पण चाल ऐकल्यावर सांग बरं, सत्यवती सोडून ती दुसऱ्या कुणाची वाटते का?" मी मान हलवायचे आणि खिडकीकडेच बसायचे.

२०१९ साली ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी चढतच राहिलं. गावभागात घराघरांत पाणी. शाळेचा तळमजला गेला, मंडळाचं कपाट गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही कॅसेटचं खोकं उघडलं. वीस वर्षं जमवलेल्या कॅसेट. प्रत्येकीच्या छोट्या खिडकीत गढूळ पाणी होतं, हातात घेऊन तिरकी केली की ते डावीकडून उजवीकडे सरकायचं. मध्यभागी फीत चिखलात घट्ट बसलेली. वरच्या कागदावरची बाईंची मोत्यासारखी अक्षरं निळ्या डागात विरघळून गेली होती. पेटीच्या पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटल्या होत्या, एक दाबली की तीन खाली जायच्या.

यंदा कार्यक्रम नको असंच सगळ्यांना वाटत होतं. बाईंनी निरोप पाठवला, "एकवीस तारखेला या. काही आणू नका." बाकं उन्हात टाकलेली, म्हणून पहिल्या मजल्यावरच्या वर्गात सतरंजी अंथरली होती. जिना चढताना भिंतीवर पुराची रेघ दिसत होती, माझ्या डोक्याच्या वर. चहा होता, पण दारात कुणी काही विचारलं नाही. जागा मिळेल तसे बसलो. 'लेकुरे'वाले काकाही त्या दिवशी बसले.

बँकेतल्या काकांनी 'सुरत पिया की' सुरू केलं. तबला नाही, पेटी नाही. मुखडा छान आला, पण पहिल्या वळणावर राग बदलायचा तिथं सूर हातातून सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. "पेटीशिवाय नाही व्हायचं," ते म्हणाले आणि मान खाली घातली. त्यांचं घर आठवडाभर पाण्यात होतं. कुणीतरी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग आत्या म्हणायला लागली. बसल्या जागीच, कुणी सांगितलं नव्हतं. आत्याचा आवाज काही गाणाऱ्या बाईचा नव्हे. चुलीपाशी, दळणाशी, रिक्षात गुणगुणणारा आवाज. 'गर्द सभोवती'ची पहिली ओळ तिनं अगदी हळू उचलली. 'साजणी' या शब्दावर ती थांबली. 'मत्स्यगंधा'त सत्यवती झालेल्या आशालताबाई जिथं थांबतात तिथंच, पण मी वीस वर्षं ऐकूनही ते थांबणं मला कधी ऐकू आलं नव्हतं. तेवढ्या एका थांबण्यात त्या पोरीच्या भोवतीचं रान उभं राहतं. ती एकटी आहे, नदी जवळ आहे आणि तिला अजून कशाची भीती वाटत नाही. साथ नाही, ठेका नाही, तरी चाल तसूभर कमी झाली नाही. उलट आपल्याला आजवर साथीचीच चाहूल लागत होती की काय, असं वाटलं. पडदेवाले काका भिंतीपासून पुढं येऊन सतरंजीच्या कडेला उकिडवे बसले होते.

दुसरं कडवं सगळ्यांनी म्हटलं. शब्द सगळ्यांना येत होते, कट्यारवाल्यांनासुद्धा.

कट्यारचं मोठेपण मला आजही मान्य आहे. २०१५ साली सिनेमा आला, नवी पोरं ती पदं कॉलेजच्या जिन्यात म्हणायला लागली, बुवांचेच शिष्य महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा आम्ही खिडकीवाल्यांनी पेढे वाटले होते. पण त्या दिवशी जिना उतरताना मी आत्याला म्हटलं, "पुढच्या वर्षी दाराकडे बसेन." ती म्हणाली, "बाकं वाळू देत आधी."

पुढच्या वर्षी कोरोना आला. मी पुण्यात अडकलेली, आत्या सांगलीत. २१ सप्टेंबरला रात्री तिचा फोन आला. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलून ती फोनवरच 'गर्द सभोवती' म्हणाली. "झाली बघ आपली संध्याकाळ," म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. साताऱ्यात आशालता वाबगावकर गेल्या, कोरोनानंच.

संध्याकाळी मीच फोन लावला. बराच वेळ आत्या काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज तू म्हण." मला गाता येत नाही हे तिला माहीत आहे. म्हटलं. पहिली ओळ संपवून मी पुढं गेले तसं तिनं मधेच थांबवलं.

"'साजणी'वर घाई करू नकोस गं," ती म्हणाली. "थांब तिथं. परत म्हण."