दोन झोपा

मैत्रिणींनी ट्रिपसाठी आधी ऑगस्ट ठरवला होता. पावसातला आंबा घाट, गरम भजी वगैरे. मी सरळ नाही म्हटलं. ऑगस्टमध्ये सांगलीकराचा पाय गावाबाहेर पडत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर आली की इशारा, 45 वर धोका, आणि 2019 साली ती 57 फुटांच्याही वर गेली होती. त्या वेळी मोठी कडेवर होती. तेव्हापासून पाऊस लागला की दर दोन तासांनी मी पुलाची पातळी बघते. शेवटी फेब्रुवारी ठरला. गणपतीपुळे, शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ. विलिंग्डन कॉलेजातल्या आम्ही चौघी.

मोठी आता सात वर्षांची, धाकटा सव्वादोन. दोघांना सोडून मी एकही रात्र बाहेर काढलेली नव्हती. मोठीची काळजी नव्हती, कालनिर्णयवर दोन चौकोन रंगवून दिले की तिला कळतं. खरी पंचाईत धाकट्याची. तो रात्री झोपतानाही अजून अंगावर पीत होता.

दीड महिना हातात होता. सासूबाई म्हणाल्या, "कडुलिंबाचा पाला वाटून लाव, एका रात्रीत तोंड फिरवतोय." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदम तोडू नका, छातीत गाठी होतील, एकेक वेळ कमी करा, मध्ये काही दिवस जाऊ द्या. मी डॉक्टरांचं ऐकलं. आधी दुपारचं बंद केलं, मग पहाटेचं, शेवटी झोपतानाचं. शेवटचं सुटायला बारा रात्री लागल्या. त्या बारा रात्रींबद्दल फार लिहीत नाही. शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी "काल काय झालं होतं हो बाळाला?" असं चारदा विचारलं, एवढं पुरे.

मग मी यादी लिहायला घेतली. फुलस्केपचे तीन कागद. दूध किती कोमट, वरणभातावर तूप किती, निळा पेला धाकट्याचा आणि हिरवा मोठीचा, उलट झालं तर काय होतं. भडंग देऊ नये, तिखट असतं. तापाच्या औषधाला तर अख्खं पान. ते मात्र फुकट गेलं नाही. लिहिताना कळलं की कपाटात पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आहेत, दिसायला सारख्याच. एकीत 5 मिलीला 120 मिलीग्रॅम, दुसरीत 250. बाराएक किलोच्या पोराला पहिलीतलं साडेसात मिली लागतं, तर दुसरीतलं साडेतीनच. हे डॉक्टरांना विचारून घेतलं. नवऱ्याने रात्री दोन वाजता झोपेत दुसरी बाटली उचलून साडेसात दिलं असतं तर दुप्पट गेलं असतं. 250 ची बाटली घरातूनच काढली आणि उरलेलीवर पट्टी चिकटवून जाड पेनाने मिली लिहिले.

यादी फ्रिजवर लावली. सासूबाईंनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाल्या, "तीन पोरं वाढवली मी. आता मला दूध कोमट करायला शिकवतीस होय?" मी गप्प. नवरा जास्त शहाणा निघाला. म्हणाला, "यादी राहू दे. तू एक रात्र मिरजेला मावशीकडे जा. बघू काय होतंय ते."

गेले. रात्री साडेअकराला फोन. मागे रडणं. "अगं, हा माझा कान ओढतोय आणि ओरडतोय. काय पाहिजे ह्याला?"

मला क्षणभर कळेना. मग मावशीच्या अंधाऱ्या खोलीत माझाच हात माझ्या कानाकडे गेला. दूध सुटल्यापासून तो झोपताना माझ्या कानाची पाळी धरायचा आणि कुडीचा मोती अंगठ्यानं फिरवत राहायचा. तो फिरवायचा थांबला की समजायचं, झोपला. हे मी तीन पानांत कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिणार कसं, मला माहीतच नव्हतं. आणि नवऱ्याच्या कानात मोती कुठून येणार? त्याने म्हणे आधी पेनाचं टोपण कानापाशी धरून पाहिलं होतं. शेवटी सासूबाई उठून आल्या, त्याला कुशीत घेतलं. त्यांच्या कानात लग्नातल्या कुड्या, माझ्यापेक्षा मोठ्या. दहा मिनिटांत घर शांत.

सकाळी त्या यादीबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

निघायच्या दिवशी मात्र वाद झालाच. सासूबाईंचं म्हणणं, तो खेळतोय तोवर हळूच सटक. आमच्याकडे सगळ्या बायका तशाच सटकत आल्यात, माझी आईसुद्धा. पण बालवाडीत मोठीला सोडताना मी एकदा तसं केलं होतं, आणि नंतर दोन महिने ती मला बाथरूमलाही एकटी जाऊ देईना. म्हणून धाकट्याला समोर बसवून सांगितलं, "दोनदा झोपायचं, मग आई." दोन बोटं दाखवली. तो रडला, भरपूर रडला. गाडी विश्रामबागेतून बाहेर पडायच्या आत नवऱ्याचा मेसेज, "थांबला. बिस्किट खातोय." मोठीने तेवढं विचारून घेतलं, "तू तिथे कुणाशेजारी झोपणार?"

पहिल्या रात्री मी व्हिडिओ कॉल करून घाण केली. छान जेवत होता, माझा चेहरा पाहिला आणि ताट उलटं. नवरा म्हणाला, आता फोन मीच करीन. शनिवारी त्याने फक्त फोटो पाठवले. एका फोटोत धाकट्याच्या हातात हिरवा पेला होता. मी काही लिहिलं नाही, पण तो फोटो मोठा करून बघितला.

ट्रिप छान झाली. देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा केली, मालगुंडला केशवसुतांच्या घरी जाऊन आलो, समुद्रात घोट्याच्या पुढे गेलो नाही. फक्त शनिवारी रात्री छाती जड झाली. एवढे दिवस होऊनही. बाथरूममध्ये हाताने थोडं काढलं, दुखायचं थांबेल इतकंच. सगळं काढलं तर परत भरतं. बाहेर मैत्रिणी पत्ते कुटत होत्या.

रविवारी साडेसातला घरी पोचले. धाकट्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बादलीत गाडी बुडवायला लागला. दहा मिनिटांनी ओल्या हातांनी मांडीवर येऊन बसला. रात्री गादीवर माझा कान धरला, मोती चाचपला, दोनदा फिरवला आणि उठून बसला. "आजी." उशी ओढत गेला पलीकडच्या खोलीत.

नवरा म्हणाला, पुढच्या महिन्यात त्याला मित्रांबरोबर वासोट्याला जायचंय. मी म्हटलं, जा की.

मग फ्रिजवरची यादी काढायला गेले. तिसरं पान उलटं लावलेलं होतं. मागच्या कोऱ्या बाजूवर सासूबाईंच्या अक्षरात दुधाचा हिशेब होता. शुक्र. 1, शनि. 2, रवि. दीड. खाली लिहिलं होतं, भडंग संपलं, आणणे.