अपवाद वगळता

१७१२ साली स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी उजाडला होता. अगदी अधिकृतपणे.

हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा हिशेब विभागातले काका पाण्याची बाटली अर्धवट भरून तिथेच थांबले. "छापणाऱ्याची चूक असणार," म्हणाले. चूक नव्हती. स्वीडनला जुनं ज्युलियन कॅलेंडर सोडून ग्रेगोरियनवर, म्हणजे आज आपण वापरतो त्यावर, यायचं होतं, पण एका झटक्यात अकरा दिवस गाळायला नको म्हणून त्यांनी सबुरीचा बेत आखला: १७०० ते १७४० या काळातले सगळे लीप दिवस गाळत जायचं. अकरा दिवस आपोआप जिरतील, कुणाला कळणारही नाही. १७०० चा दिवस गाळला. मग युद्ध पेटलं, आणि १७०४ व १७०८ मध्ये गाळायचं राहून गेलं. देशाची तारीख आता जुन्या कॅलेंडरशीही जुळेना आणि नव्याशीही. शेवटी राजा बाराव्या चार्ल्सने ठरवलं की जुन्यावरच परत जाऊ. त्यासाठी एक दिवस वाढवायला हवा होता. १७१२ मुळात लीप वर्षच होतं, म्हणजे २९ तारीख होतीच. जादा दिवस तिच्यापुढे जोडला. पुढे १७५३ मध्ये त्यांनी जे टाळायचं होतं तेच केलं, १७ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च.

काकांनी बाटली भरली आणि विचारलं, "पगार कोणत्या तारखेला झाले असतील?" त्यांचा प्रश्न नेहमी हाच असतो.

फळ्याबद्दल थोडं. तो सूचनांसाठी लावलेला होता, पण सूचना हल्ली सगळ्या मेलवर येतात, त्यामुळे फळा माझ्या ताब्यात आला. रोज सकाळी चार ओळी: एक माहिती, एक कोडं, एक चमत्कारिक कायदा आणि आजच्या तारखेबद्दल काहीतरी. माझं पोटापाण्याचं काम करारांचे मसुदे तपासण्याचं. या कामाने मला एक खोड लावली आहे. कोणताही नियम समोर आला की मी आधी त्याचं परंतुक शोधते. 'परंतु असे की' या शब्दांनी सुरू होणारा तो तुकडा. नियम कुणीही लिहितो हो. परंतुक लिहिणाऱ्यापुढे मात्र कुठली तरी अडचण येऊन उभी राहिलेली असते.

त्यामुळे विचित्र कायद्यांची माझी चाळणी सोपी आहे: कलम सापडलं पाहिजे. ब्रिटिश संसदेच्या इमारतीत मरायला बंदी आहे, ही गोष्ट मला किती जणांनी पाठवली असेल! असा कायदा नाही. इंग्लंडच्या विधी आयोगाने २०१३ मध्ये अशा बऱ्याच दंतकथा तपासून एक टिपण काढलं, त्यात हीही निकाली निघाली. शिवाय स्पेन्सर पर्सिव्हल हा पंतप्रधान १८१२ मध्ये कॉमन्स सभागृहाच्या लॉबीत गोळी लागून मेला. बंदी असती तर त्याच्यावर खटला भरावा लागला असता.

त्याच टिपणात फळी मात्र खरी निघाली. लंडनच्या १८३९ च्या महानगर पोलीस कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार फुटपाथवरून फळी नेणं गुन्हा आहे. फळी, शिडी, खांब, पिंप, चाक, सगळंच. त्याच कलमात लोकांना त्रास होईल असा पतंग उडवणं आहे, बर्फावर घसरगुंडी करणं आहे आणि विनाकारण लोकांच्या दारांच्या घंटा वाजवणंही आहे. पण खरी मजा पुढे: गाडीत माल चढवण्या-उतरवण्यासाठी किंवा फुटपाथ ओलांडण्यासाठी असेल तर चालेल. या एका वाक्यात मला १८३९ चा रस्ता दिसतो. सुतार दुकानातून फळी घेऊन निघालाय, गाडी समोर उभी आहे आणि मध्ये फुटपाथ आहे. त्याने उडत जायचं का? कुणीतरी हे विचारलं असणार, म्हणून ते वाक्य आलं.

१९८६ च्या ब्रिटिश सामन कायद्याचं ३२ वं कलमही असंच. संशयास्पद परिस्थितीत सामन मासा बाळगणं हा गुन्हा. शीर्षक वाचून लोक हसतात, आणि हसावंच. मासा कोट घालून कोपऱ्यात उभा आहे असं डोळ्यांपुढे येतं. उद्देश सरळ आहे: चोरून पकडलेला मासा विकत घेणाऱ्यालाही धरता यावं. आणि परंतुक वाचलंत तर हसू ओसरतं, कारण गुन्ह्याच्या तपासासाठी किंवा रोगाच्या तपासणीसाठी मासा हाती घेणारा त्यातून सुटतो. नाहीतर आजारी मासा प्रयोगशाळेत नेणारा शास्त्रज्ञच पहिला आत गेला असता.

माझा सगळ्यात लाडका मात्र पॅरिसचा पँटचा नियम. १८०० च्या नोव्हेंबरात तिथल्या पोलीसप्रमुखाने फर्मान काढलं: ज्या बाईला पुरुषाचा पोशाख करायचा असेल तिने पोलिसांकडून परवाना घ्यावा, आणि परवाना मिळणार तो प्रकृतीचं कारण असेल तरच, वैद्यकीय दाखल्यासकट. रोझा बोन्हर ही चित्रकार घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन रेखाटनं करायची. घोळदार झग्यात ते कसं जमणार? तिने १८५७ मध्ये घेतलेला परवाना अजून शिल्लक आहे. मुदत सहा महिने, मग पुन्हा अर्ज. आता अपवाद बघा. १८९२ आणि १९०९ मध्ये नियम सैल केला: बाईच्या हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. मी हे फळ्यावर लिहिलं आणि खाली प्रश्न टाकला: सायकल भिंतीला टेकवून ती पाच पावलं चालली तर? दिवसभर कॉरिडॉरमध्ये यावर युक्तिवाद चालू होते. आमच्या विभागातल्या दोघी तर हँडल सुटलं पण घंटी हातात आहे, इथपर्यंत पोचल्या. फ्रान्समध्ये हे फर्मान औपचारिकपणे कुणी रद्दच केलं नव्हतं. २०१३ च्या जानेवारीत महिला हक्क खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर केलं की ते राज्यघटनेतल्या समानतेच्या विरोधात आहे, म्हणून त्याला काही कायदेशीर अर्थ उरलेला नाही. तोवर पॅरिसच्या किती बायकांनी सायकलीविना पँट घातली असेल, मोजायला नको.

उलट टोकाचा कायदा शातोनफ-द्यु-पाप या फ्रेंच गावाचा. १९५४ मध्ये फ्रान्सभर उडत्या तबकड्या दिसल्याच्या बातम्यांना ऊत आला होता. तिथल्या नगराध्यक्षांनी आदेश काढला की गावाच्या हद्दीत उडत्या तबकडीने, मग ती कोणत्याही राष्ट्राची असो, वरून उडायचं नाही, उतरायचं नाही की उड्डाणही करायचं नाही. उतरलीच तर जप्त. गाव वाइनसाठी प्रसिद्ध आहे आणि वाइनला प्रसिद्धी लागते, एवढं लक्षात घेतलं की आदेश समजतो. पण मसुदा म्हणून मला तो आवडत नाही. बिघाड होऊन नाइलाजाने उतरलेल्या तबकडीचं काय?

गणितात असली सवलत नसते, असं आपण समजतो. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या विधानसभेने वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याची एका डॉक्टरची पद्धत कायद्यात बसवणारं विधेयक ६७ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं होतं. त्यातून पायची (π) किंमत ३.२ निघत होती. योगायोगाने गणिताचे एक प्राध्यापक दुसऱ्या कामासाठी तिथे आले होते. त्यांनी सिनेटच्या सदस्यांना शहाणं केलं आणि विधेयक बेमुदत पुढे ढकललं गेलं. विरोधात एकही मत नव्हतं, हे मला त्या ३.२ पेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

आणि गणिताचं परंतुक बघायचं तर कापरेकरांकडे जावं. द. रा. कापरेकर शाळेत शिकवत आणि आकड्यांशी खेळत. त्यांचं कोडं फळ्यावर सगळ्यात जास्त चाललं, कारण त्याला कागद-पेन्सिल पुरते. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येणार आणि मग तिथेच फिरत राहणार. १७५२ घेऊ: ७५२१ वजा १२५७ म्हणजे ६२६४. ६६४२ वजा २४६६ म्हणजे ४१७६. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. अपवाद एकच, चारही अंक सारखे नकोत. ११११ घेणाऱ्याच्या हाती शून्य. आमच्याकडे पहिल्याच दिवशी एकाने मुद्दाम ७७७७ घेतलं आणि विजयी मुद्रेने माझ्या टेबलापाशी आला. मला आनंदच झाला, असा माणूस मसुदे तपासायला हवा.

१७५२ मी उगीच घेतलं नाही. ब्रिटनने त्या वर्षी कॅलेंडर बदलताना २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आणला. 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणत लोकांनी दंगली केल्या, असं सगळीकडे वाचायला मिळतं. दंगलींचा भक्कम पुरावा इतिहासकारांना सापडलेला नाही. ती घोषणा आहे १७५५ मधल्या विल्यम होगार्थच्या एका उपरोधिक निवडणूक-चित्रात, जमिनीवर पडलेल्या फलकावर. चित्रातला विनोद पुढे इतिहास म्हणून छापला जाऊ लागला. कायद्यात मात्र भाडं, करार, सज्ञान होण्याचं वय यांची मुदत अकरा दिवस अलीकडे येणार नाही, अशी नीट तरतूद होती. कुणीतरी परंतुक लिहिलं होतं, बघा.

तारखांच्या कोड्यांत मला जॉन कॉनवे या गणितज्ञाची युक्ती सगळ्यात उपयोगी वाटते. ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर हे कोणत्याही वर्षी एकाच वारी येतात. ९ मे, ५ सप्टेंबर, ११ जुलै, ७ नोव्हेंबरही त्याच वारी. फेब्रुवारीची शेवटची तारीखही. एवढा एक वार लक्षात ठेवला की वर्षातल्या कुठल्याही तारखेचा वार बोटांवर काढता येतो. जानेवारी तेवढा अडेलतट्टू: साध्या वर्षी ३ तारीख, लीप वर्षी ४.

लीप वर्ष म्हणजे तरी काय, परंतुकावर परंतुक. चारने भाग जाणारं वर्ष लीप. परंतु शंभरने जात असेल तर नाही. परंतु चारशेने जात असेल तर होय. म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. या तिसऱ्या ओळीमुळे चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस होतात, आणि त्याला सातने नेमका भाग जातो. म्हणजे वारांसकट सगळं कॅलेंडर चारशे वर्षांनी जसंच्या तसं परत येतं. त्यातून दोन गोष्टी निघतात. १६००, २०००, २४०० यांचा २९ फेब्रुवारी कायम मंगळवारीच येणार. आणि तेरा तारीख शुक्रवारी येण्याचं प्रमाण इतर कोणत्याही वारापेक्षा जास्त आहे: ४८०० पैकी ६८८ वेळा. गुरुवार आणि शनिवारच्या वाट्याला प्रत्येकी ६८४. अपशकुनवाल्यांना हे सांगू नये, त्यांना वाटेल गणितही त्यांच्या बाजूचं आहे.

सणांच्या दिवशी चौथी ओळ मोठी होते. १६४४ मध्ये इंग्लंडच्या संसदेपुढे पेच आला. महिन्याच्या शेवटच्या बुधवारी सगळ्यांनी उपवास करायचा असा तेव्हा नियम होता, आणि २५ डिसेंबर नेमका शेवटच्या बुधवारी आला. नाताळासाठी अपवाद करायचा का? प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, मंडळींनी सांगितलं, उपवास. १६४७ मध्ये त्यांनी सणच रद्द केला. नाताळात 'मिन्स पाय' हा सारण भरलेला गोड पदार्थ खाणं अजूनही बेकायदा आहे ही जी आवई उठते, तिचं मूळ त्या काळात. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि त्या काळाचे कायदे गेले, त्याबरोबर हेही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो १६८१ मध्ये उठला.

आणि सामोआ! १८९२ मध्ये अमेरिकेशी व्यापार सोपा व्हावा म्हणून त्यांनी तारीखरेषेची बाजू बदलली आणि ४ जुलै दोनदा पाळला. पुढे व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला. तिकडे सोमवार सुरू झाला तरी सामोआत रविवार. म्हणून २०११ मध्ये त्यांनी पुन्हा बाजू बदलली, २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर थेट ३१ चा शनिवार. कोडं मी असं टाकलं: जुळ्यांपैकी एक रात्री पाच मिनिटं कमी बाराला जन्मला, दुसरा दहा मिनिटांनी. वाढदिवसांच्या तारखांत अंतर किती?

तरुण मंडळी बोटं मोजत होती. काकांनी फळ्याकडे बघितलंही नाही. "त्या शुक्रवारचा पगार कापला की दिला?"

दिला. सरकारनेच सांगितलं होतं की न उजाडलेल्या शुक्रवारचा पगार मालकांनी द्यावा. काका पहिल्यांदाच समाधानाने मान हलवून गेले, आणि जाताना विचारून गेले की मग रजेच्या अर्जावर तो दिवस कसा दाखवायचा.