थर्मोस्टॅटचा आकडा आणि सापाच्या पोटाखालची काच

हीट मॅट, म्हणजे सापाच्या काचेच्या टँकखाली लावायची विजेवर तापणारी चटई, किती अंशांवर ठेवायची, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "मोजताय कुठे?" कॉर्न स्नेक जातीच्या सापाला उबदार बाजूला ३० अंशांच्या आसपास आणि थंड बाजूला २२ ते २४ अंश लागतात. हे आकडे सगळीकडे मिळतात आणि ते बरोबरच आहेत. पण एकाच टँकमध्ये, एकाच वेळी, मॅटला लागलेल्या काचेचं तापमान वेगळं असतं, काचेवरच्या भुशाचं वेगळं आणि वीतभर वरच्या हवेचं त्याहून वेगळं. साप यातल्या कशावर पोट टेकून पडलाय, ते शोधून काढणं हेच हीट मॅट लावण्यातलं खरं काम आहे. बाकी प्लग लावणं आणि बटण फिरवणं कुणीही करेल.

आम्ही इंग्लंडमधल्या लीड्सला राहतो. केशर, आमची कॉर्न स्नेक, आमच्याकडे आली ती २०२१ च्या शरद ऋतूत, इथे सकाळी गाड्यांच्या काचांवर दव गोठायला लागतं त्या दिवसांत. मुलीला साप हवा होता आणि ओळखीच्या एका घरात तो नकोसा झाला होता. टँक, मॅट, पाण्याचं भांडं, काचेला चिकटवलेली तबकडीची थर्मामीटरं, सगळं सोबत आलं. ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट तेवढा नव्हता. मॅट थेट भिंतीतल्या सॉकेटला, दिवसरात्र चालू.

तिला पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा पोटाकडची खवली पाहिली. कॉर्न स्नेकचं पोट काळ्या-पांढऱ्या चौकटींचं असतं, बुद्धिबळाच्या पटासारखं. केशरच्या पोटाच्या मधोमध मात्र चार-पाच खवल्यांवर चौकटी पुसट झाल्या होत्या, कडा किंचित वर आलेल्या, रंग चहाच्या डागासारखा. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "जुना भाजल्याचा व्रण आहे. बरा झालाय, पण साप टँकमध्ये सोडण्याआधी मॅट बदला." मग त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. साप पोटाखालच्या उष्णतेपासून वेळेवर बाजूला होईलच याचा भरवसा नसतो. ऊब हवी म्हणून तो गरम काचेवर पडून राहतो आणि तसाच भाजतो. त्यामुळे तो सरकेल या आशेवर काही ठेवायचं नाही. तिथे भाजण्याइतकी उष्णता पोहोचूच द्यायची नाही.

साताऱ्याहून आईने व्हिडिओ कॉलवर केशरला पाहिलं आणि म्हणाली, "अगं, तोंडाने अगदी धामणीसारखी आहे." आईची नजर पक्की. कॉर्न स्नेक मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली, धामण आपली, पण दोघी बिनविषारी आणि दोघी उंदरांवर जगणाऱ्या. हे वाचून कुणाच्या मनात घरी धामण पाळायचं आलं, तर ते तिथेच थांबवा. आपले देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घरात निघालेला साप सर्पमित्राने न्यावा आणि त्याच्या अधिवासात सोडावा, हेच योग्य.

नवीन मॅट आणि थर्मोस्टॅट आणला, पण केशरला टँकमध्ये सोडायची घाई केली नाही. तोवर ती हवेशीर डब्यात, हीटर चालू असलेल्या खोलीत होती. आधी थर्मामीटरं तपासली. काचेला चिकटणाऱ्या तबकड्या काढून टाकल्या, कारण त्या भिंतीलगतच्या हवेचं तापमान सांगतात आणि साप भिंतीवर राहत नाही. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारा दाणा, असलेली दोन डिजिटल थर्मामीटरं घेतली. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एका पेल्यात ढवळून त्यात दोन्ही प्रोब बुडवले. तिथे शून्य यायला हवं. एकाने शून्य दाखवलं, दुसऱ्याने जवळजवळ दीड. पण आपल्याला शून्याशी काम नाही, तिशीशी आहे. म्हणून मग कपात कोमट पाणी घेतलं, त्यात घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि दोन्ही प्रोब एकत्र धरून आकडे जुळतात का ते पाहिलं. तापाचा थर्मामीटर अंगाच्या तापमानाच्या आसपास, म्हणजे तिशीच्या पुढे, अचूक असतो आणि तो प्रत्येक घरात असतोच. दीड अंश चुकणारं थर्मामीटर परत केलं.

मग रिकामा टँक, खाली मॅट, थर्मोस्टॅट नाही, असं मुद्दाम चालवून पाहिलं. टँक ९० सेंटिमीटर लांब, मॅट १४ वॅटची, एका टोकाला, तळाचा तिसरा हिस्सा व्यापेल एवढी. काचेवर भुसा टाकला आणि त्यावर लपण, म्हणजे सापाला लपायचा आडोसा, ठेवलं. संध्याकाळी लावलेली मॅट सकाळी पाहिली तर लपणाखालची काच ४४ अंशांवर. खोली त्या रात्री १७ अंशांवर होती. वर भुशावर हात ठेवला तर फक्त कोमट लागत होतं. केशरच्या पोटावरचा डाग कसा आला असेल, ते त्या एका आकड्यात कळलं.

थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे लावायचा, यावर साप पाळणाऱ्यांचं एकमत नाही. काही जण तो टँकच्या आत, मॅटच्या वरच्या काचेवर ठेवतात, म्हणजे थर्मोस्टॅटवरचा आकडा आणि सापाला मिळणारं तापमान एकच. हिशेब सोपा होतो हे खरं. पण कॉर्न स्नेक उकरणारा प्राणी आहे. त्याने रात्री वायर ढकलली, प्रोब थंड बाजूला गेला, किंवा पाण्याचं भांडं त्यावर कलंडलं, की थर्मोस्टॅटला वाटतं टँक गार पडलाय. मग तो मॅट चालूच ठेवतो, थांबवतच नाही. आणि प्रोब जागेवर बसावा म्हणून टँकमध्ये चिकटपट्टी लावायची नाही, ती खवल्यांना चिकटली तर सोडवताना कातडी निघते.

म्हणून मी प्रोब बाहेर लावला, मॅट आणि टँकचा तळ यांच्या मधोमध, ॲल्युमिनियमच्या पट्टीने घट्ट. आता आत काहीही उलथापालथ झाली तरी मॅट ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ शकत नाही. मला हीच एक व्यवस्था निर्धास्त वाटते. यात मेहनत एवढीच की थर्मोस्टॅटवरचा आकडा हा मॅटचा आकडा, सापाचा नव्हे. काच, भुसा, लपण यांतून जाताना उष्णता उतरते. किती उतरते, ते आपल्या टँकचं आपणच काढायचं.

सुरुवात ३० वर ठेवून केली. आतल्या काचेवर, लपणाच्या आत, भुशाखाली डिजिटल थर्मामीटरचा प्रोब. आकडा स्थिर व्हायला तासन्तास लागतात, म्हणून एकदा अंश वाढवला की रात्रभर हात लावायचा नाही. ३० ला आत २६ आले. ३३ ला २९. शेवटी ३५ वर ठेवलं तेव्हा लपणातली काच ३१ वर थांबली. त्याच काचेवर, पण लपणाच्या बाहेर, दोन अंश कमी. लपण उष्णता कोंडून धरतं, त्यामुळे मोजायचं ते आतच.

भुशाची जाडी इथे फार महत्त्वाची. ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा हा भुसा उष्णता अडवतो. जाड थर दिला तर वरून मोजणाऱ्याला गार वाटतं आणि माणूस थर्मोस्टॅट वाढवत बसतो. साप मात्र उकरून थेट काचेपर्यंत जातो आणि वाढवलेली सगळी उष्णता त्याच्या पोटाला लागते. उबदार बाजूला मी दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त भुसा घालत नाही, थंड बाजूला हवा तेवढा.

तापमान मोजायची इन्फ्रारेड गन हाताशी असावी, पण ती समजून वापरावी. ती समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते. बंद टँकच्या काचेतून आत नेम धरला तर आकडा बाहेरच्या काचेचाच येतो. झाकण उघडून, जवळ जाऊन, भुसा बाजूला सारून नेम धरायचा. चकचकीत धातूवर तर ती चक्क चुकीचा आकडा दाखवते.

थर्मोस्टॅट मी आधी साधा, चालू-बंद होणारा घेतला होता. खट् करून मॅट चालू, खट् करून बंद. चालतो तो, आणि काहीच नसण्यापेक्षा हजारपटीने बरा. पण थर्मामीटरच्या किमान-कमाल नोंदीत आतली काच २९ आणि ३३ च्या मध्ये झोके घेताना दिसली. नंतर पल्स थर्मोस्टॅट घेतला. तो वीज बारीक बारीक ठोक्यांनी देतो, त्यामुळे मॅट एकसारखी तापलेली राहते. झोका अर्ध्या अंशावर आला. पैसे कुठे खर्च करायचे असं विचाराल तर टँकच्या सजावटीत नको, इथे करा.

यानंतर केशरला आत सोडलं. दोन्ही टोकांना अगदी एकसारखी लपणं ठेवली. हे मला कुणी सांगितलं नसतं तर सुचलं नसतं. एकच लपण असेल तर भित्रा साप तापमान बघत नाही, आडोसा बघतो. मग तो उबदार बाजूला पडून असेल तर त्याला ऊब हवी आहे की फक्त लपायचंय, हे ओळखता येत नाही. दोन्हीकडे सारखाच आडोसा असला की त्याने निवडलेली जागा खरं बोलते. उंदीर खाल्ल्यावर केशर उबदार लपणात जाते, दोन-तीन दिवस तिथेच वेटोळं घालून असते, मग थंड बाजूला येते. हे येणं-जाणं दिसलं की समजावं, मांडणी बरी आहे. सतत थंड बाजूला चिकटून राहिली तर उबदार बाजू जास्त तापलीय. उबदार लपण सोडतच नसेल तर बाकी टँक गार आहे. पचनासाठी ही ऊब लागतेच. पोटात ऊब नसेल तर उंदीर पचायच्या आधी कुजतो आणि साप तो ओकून टाकतो, त्यातून सावरायला त्याला बराच काळ लागतो.

जानेवारीत मांडणी पुन्हा बदलावी लागली. इथे रात्री हीटर बंद करतात, वीज आणि गॅस महाग. खोली १५ अंशांवर गेली की मॅट ३५ वर असूनही लपणातली काच २९ च्या खाली उतरायची आणि थंड बाजू १६ वर. हीट मॅट तिच्यावर टेकलेल्याला तापवते, हवा जवळपास तापवत नाही. थर्मोस्टॅट वाढवून थंड बाजू सुधारत नाही, फक्त उबदार बाजू धोक्याकडे जाते. म्हणून थर्मोस्टॅट एकच अंश वाढवला. टँकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना थर्मोकोलचे तक्ते लावले, खालची हवेची फट मात्र मोकळी ठेवली, कारण मॅटखाली उष्णता कोंडली तर काच तडकू शकते. आणि त्या खोलीचा हीटर रात्री १९ अंशांवर चालू ठेवला. बिल वाढलं. पण २००६ च्या इथल्या प्राणी कल्याण कायद्याने पाळलेल्या प्राण्याला योग्य वातावरण देणं मालकाचं कर्तव्यच आहे, आणि कायदा नसता तरी मी तेच केलं असतं.

मग आला जुलै २०२२. त्या महिन्याच्या १९ तारखेला इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० च्या पुढे गेला, लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३. इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, पंखे क्वचित. वरच्या मजल्यावरच्या आमच्या खोलीत दुपारी टँकची थंड बाजू ३१ वर पोहोचली. थर्मोस्टॅटने मॅट केव्हाच बंद केली होती, पण तो फक्त तापवणं थांबवू शकतो, गार करू शकत नाही. टँकमध्ये थंड बाजू उरलीच नव्हती. टँक दोघींनी उचलून खाली, उत्तरेकडच्या खोलीत नेला. पाण्याच्या बाटल्या गोठवल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि टँकच्या बाहेरून थंड टोकाला टेकवून ठेवल्या. आत बर्फ ठेवायचा नाही, एकाच जागी अति थंड होतं. थंड बाजू २६ वर आली. केशर पाण्याच्या भांड्यात अंग बुडवून बसली होती, संध्याकाळी बाहेर आली.

तेव्हापासून मी मोसमाबरोबर मांडणी तपासते. वर्षातून दोनदा इथली घड्याळं तासभर पुढे-मागे करतात, तेव्हा थर्मामीटर पुन्हा बर्फात आणि कोमट पाण्यात बुडवून बघते, मॅटची वायर कुठे दुमडली नाही ना, मॅटवर तपकिरी डाग नाही ना, ते पाहते. डाग दिसला तर मॅट सरळ टाकून द्यायची.

केशर आता सव्वा मीटर लांब आहे आणि हा टँक तिला पुरत नाही. मुलीने लाकडी व्हिव्हेरियमचं, म्हणजे साप ठेवायच्या पेटीचं, माप काढलंय, १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर. लाकडातून उष्णता फारशी जात नाही, त्यामुळे खालून लावलेली मॅट तिथे निरुपयोगी आहे. आम्ही वरून ऊब देणार आहोत, दिव्याने, भोवती जाळी लावून, कारण गरम दिव्याला वेटोळं घालणारे सापही भाजतात. दिव्याला पल्स थर्मोस्टॅट चालत नाही, तो लुकलुकत राहतो. त्याला मंद-प्रखर करणारा डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. तो मागवलाय. आला की पुन्हा रिकाम्या पेटीपासून, केशर डब्यात आणि प्रोब लपणात.